कृषी महाविद्यालयांच्या प्राचार्यांना आणि सर-मॅडमना खुलं पत्र: चौथ्या वर्षाचे ते २० आठवडे वाया घालवू नका

नमस्कार सर, नमस्कार मॅडम,

हे पत्र राज्यातल्या सगळ्या कृषी महाविद्यालयांच्या प्राचार्यांसाठी, रावेच्या, म्हणजे चौथ्या वर्षातल्या ग्रामीण कृषी कार्यानुभवाच्या, समन्वयकांसाठी आणि वर्गात रोज शिकवणाऱ्या प्रत्येकासाठी आहे. विद्यापीठ राहुरी असो, अकोला, परभणी की दापोली, कॉलेज सरकारी असो नाहीतर विनाअनुदानित, मला फरक पडत नाही कारण गोष्ट सगळीकडे सारखीच आहे. मी तुमच्यातल्याच एका कॉलेजातून बीएस्सी ॲग्री केलं, पुढे वनस्पती रोगशास्त्रात एमएस्सी केली आणि आता निफाड तालुक्यात एका शेतकरी उत्पादक कंपनीत काम करते. सभासदांच्या द्राक्षबागा बघायच्या, फवारणीचं शेड्यूल द्यायचं, माल काढणीला येण्याआधी रेसिड्यूचे, म्हणजे औषधाच्या उरलेल्या अंशाचे, रिपोर्ट तपासायचे, असं माझं काम. शिवाय दरवर्षी कंपनीत नवीन पोरं घेताना इंटरव्ह्यूला मला बसवतात, आणि हे पत्र खरं तर त्या इंटरव्ह्यूंमधूनच आलंय.

पोरं येतात, मार्क चांगले असतात. डाऊनीच्या, म्हणजे द्राक्षावरच्या केवडा रोगाच्या, बुरशीचं शास्त्रीय नाव विचारलं तर प्लाझ्मोपारा व्हिटिकोला असं न अडखळता सांगतात. मग मी बागेत नेते, वरून पिवळसर तेलकट डाग पडलेलं पान दाखवते आणि म्हणते काय दिसतंय बघ, तर पान उलटं करून खाली पांढरी वाढ आहे का ते बघायचं हे बहुतेकांना सुचत नाही. त्यांना येत नाही असं नाही हो, पेपरात हेच विचारलं तर ते दीड पान लिहून येतील. पण झाडापाशी उभं राहून कुणी त्यांच्या हातून ते करूनच घेतलेलं नसतं. औषध मारल्यावर काढणीपर्यंत किती दिवस थांबायचं, लेबलवर ते कुठं लिहिलेलं असतं, ते पण नाही माहीत. आणि शेवटी विचारलं की बाळा तुला नक्की करायचंय काय, तर दहातल्या आठांचं उत्तर ठरलेलं, मॅडम एमपीएससी चालू आहे, तोपर्यंत काहीतरी बघतोय.

हे "तोपर्यंत काहीतरी" मला फार लागतं. चार वर्षं शिकलेल्या विषयातलं काम त्या मुलाला तात्पुरती सोय वाटतंय, आणि त्याला तसं वाटायला लावलंय आपण सगळ्यांनी मिळून.

एमपीएससीला माझा विरोध अजिबात नाही. तालुका कृषी अधिकारी चांगला असेल तर तालुक्यातल्या शेतीला केवढा फरक पडतो हे मी डोळ्यांनी बघितलंय, आणि कृषी सेवेत हुशार पोरं गेलीच पाहिजेत. पण जागा मोजक्या, जाहिरात कधी येईल त्याचा नेम नाही, आली की कोर्टकचेरी, आणि दरवर्षी राज्यातल्या इतक्या कॉलेजांमधून बाहेर पडणारी हजारो पोरं सगळी त्याच एका दाराशी. काही जण पुण्यात सदाशिव पेठेत अभ्यासिकेच्या खुर्चीवर वर्षं काढतात, घरून बाप मका विकून, सोयाबीन विकून पैसे पाठवतो, आणि वय वाढलं की ती पोरं गावी येतात तेव्हा शेतीशास्त्र विसरलेली असतात आणि शेतकऱ्याशी बोलायचा धीरही गेलेला असतो. यांच्यातले कितीतरी जण उत्तम पीक सल्लागार झाले असते, उत्तम बियाणं उत्पादक झाले असते. त्यांना तसं काही असतं हेच कुणी सांगितलं नाही.

म्हणून माझं मागणं एकच आहे. सातव्या सेमिस्टरचं हे रावे खऱ्या कामाचं करा. पोरांना गावात, दुकानात, लॅबमध्ये, पॅकहाऊसमध्ये, नर्सरीत खरोखर राबू द्या. कारण पदवीत वेगवेगळी कामं प्रत्यक्ष बघायची संधी देणारा एवढा मोठा सलग काळ दुसरा नाही, आणि सगळ्यात जास्त वाया जातो तोही हाच.

कागदावरचा आराखडा किती चांगला आहे हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. कृषी पदवीचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या पाचव्या अधिष्ठाता समितीने रावेला एकूण २० आठवडे दिलेत, त्यातला १ आठवडा सुरुवातीच्या तयारीचा, ८ आठवडे गावात, ५ आठवडे विद्यापीठाच्या नाहीतर केव्हीकेच्या (कृषी विज्ञान केंद्राच्या) किंवा संशोधन केंद्राच्या एखाद्या युनिटमध्ये, २ आठवडे प्लांट क्लिनिक, ३ आठवडे कृषी उद्योगात आणि शेवटचा १ आठवडा रिपोर्ट आणि सादरीकरणाला. आता सहाव्या समितीचा अभ्यासक्रम आलाय, त्यात स्किल कोर्सेस वाढलेत, मधेच सर्टिफिकेट नाहीतर डिप्लोमा घेऊन बाहेर पडायची सोय पण आहे, पण प्रत्यक्ष अनुभवावरचा जोर तसाच आहे. आराखड्यात खोट नाहीये. हे कागदावरचे आठवडे जमिनीवर उतरेपर्यंत त्यांचं काय होतं, प्रश्न तिथं आहे.

काय होतं ते सांगते, तुम्हाला राग आला तरी चालेल. कृषिदूत आणि कृषिकन्या, म्हणजे रावेची मुलं-मुली, गावात जातात, पहिल्या दिवशी सरपंचांच्या हस्ते स्वागत, फोटो. मग रांगोळीचे रंग घेऊन गावाचा नकाशा काढायचा, फोटो. मग बीजप्रक्रियेचं प्रात्यक्षिक, फोटो, स्थानिक पेपरला बातमी, बातमीचं कात्रण फाईलला. आता बघा, बॅच गावात पोचते जुलैमध्ये, कधीकधी जुलैच्या शेवटी. सोयाबीन पेरून झालेलं असतं, तूर पेरून झालेली असते. ज्या शेतकऱ्यासमोर आपली पोरगी बियाण्याला ट्रायकोडर्मा आणि रायझोबियम चोळून दाखवते त्याच्याकडे त्या दिवशी पेरायला एक दाणा शिल्लक नसतो. तो मान देऊन उभा राहतो, चहा पाजतो आणि निघून जातो. त्या मुलीलाही कळतं की हे फक्त फाईलसाठी चाललंय, आणि मला वाटतं पोरांचा आपल्या पदवीवरचा विश्वास उडायला इथंच सुरुवात होते.

हेच प्रात्यक्षिक मे महिन्याच्या शेवटी झालं तर? गोणपाटावर १०० दाणे मोजून मांडायचे, गुंडाळी करून ओलं ठेवायचं आणि उगवलेले मोजायचे, ७० च्या खाली आले तर बियाणं बदला नाहीतर प्रमाण वाढवा. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही म्हणून राज्यभरातून तक्रारी आल्या होत्या, दुबार पेरणी करावी लागली लोकांना. त्या वर्षी गावोगाव घरच्या आणि विकतच्या बियाण्याची अशी चाचणी पेरणीच्या दहा दिवस आधी झाली असती तर बऱ्याच जणांचा एका पेरणीचा खर्च वाचला असता, आणि हे काम तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी पण करू शकतो. वेळापत्रक विद्यापीठाच्या कॅलेंडरला बांधलंय, पिकाच्या नाही, एवढीच अडचण आहे. ती सोडवता येणार नाही असं मी मानायला तयार नाही.

तुम्हाला हॅरॉल्ड मान यांचं नाव सांगायला नको. पुण्याचं कृषी महाविद्यालय १९०७ चं, आणि सुरुवातीच्या काळातच हे रसायनशास्त्राचे गृहस्थ तिथले प्राचार्य होते. त्यांनी कॉलेजच्या लोकांना बरोबर घेऊन पिंपळे सौदागर हे अख्खं गाव अभ्यासलं, कुणाकडे किती जमीन, तिचे तुकडे कसे पडत गेलेत, कर्ज किती, घर कशावर चालतं, सगळं घरोघर जाऊन, आणि १९१७ मध्ये ते छापलं. आज त्या पिंपळे सौदागरात सोसायट्यांचे टॉवर उभे आहेत, पण शंभर वर्षांपूर्वी तिथली शेती कशी होती हे कुणालाही वाचता येतं कारण एका कृषी कॉलेजाने ते काम मनापासून केलं. आपल्या रावेच्या फाईलमध्ये पण गावाची माहिती असतेच की. दरवर्षी शेकडो गावांची गोळा होते. तिचं पुढे काय होतं सर? एकाच गावात सलग पाच वर्षं बॅच पाठवली आणि प्रत्येक बॅचने आधीच्या बॅचची फाईल वाचून पुढचं काम केलं तर त्या गावाचा पाच वर्षांचा इतिहास तयार होईल, आणि गावकऱ्यांनाही कळेल की ही पोरं फोटोपुरती येत नाहीत.

आता करिअरचं बोलते, कारण तुम्ही म्हणाल की हे सगळं ठीक आहे पण नोकऱ्या कुठे आहेत. नोकऱ्या आहेत, फक्त त्या जाहिरातीत दिसत नाहीत, कामाच्या ठिकाणी गेल्यावर दिसतात.

गावातलं कृषी सेवा केंद्र घ्या. शेतकरी आजारी पान खिशात घालून सगळ्यात आधी जातो तो दुकानात. विद्यापीठात जात नाही, केव्हीकेत पण नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर माणसं गेली. कपाशी डोक्याच्या वर वाढलेली, हवा दमट, अंगावर धड संरक्षक कपडे नाहीत आणि एका पंपात दोन-तीन औषधं मिसळलेली. कुठलं औषध कशात मिसळू नये, वारा कुठल्या बाजूने असताना मारू नये, अंगावर सांडलं तर काय करायचं, हे त्या काउंटरवर सांगणारा शिकलेला माणूस असता तर त्यातले काही जण वाचले असते असं मला ठामपणे वाटतं. कीटकनाशकाच्या नवीन परवान्याला आता शेतीची नाहीतर रसायन, जीवशास्त्र अशा विषयांची पदवी किंवा ठरवून दिलेला डिप्लोमा लागतो, म्हणजे कायद्याने ती खुर्ची आपल्या पोरांसाठी राखून ठेवलीये. आणि आपली पोरं काय करतात, तर काही जण वर्षाला ठराविक रकमेवर आपलं पदवीचं सर्टिफिकेट दुकानदाराला वापरायला देतात, भिंतीवर नाव यांचं आणि औषध देणारा दुसराच. हे तुम्हाला माहीत नाही असं नाही. यावर वर्गात एकदा तरी बोला हो. ज्याचं नाव त्या भिंतीवर आहे त्याची जबाबदारी किती मोठी आहे हे चौथ्या वर्षाच्या मुलाला त्याच्या सरांनी सांगायला पाहिजे, आणि स्वतःचं दुकान टाकणं हे कमीपणाचं नसून एका अर्थाने गावातल्या पिकांचा डॉक्टर होणं आहे हे पण.

प्लांट क्लिनिकचे २ आठवडे यासाठीच आहेत ना? मग ते कॉलेजच्या लॅबमध्ये जुने नमुने काचेच्या बरणीत बघण्यात का घालवायचे? तालुक्याच्या बाजाराच्या दिवशी एखाद्या चांगल्या दुकानाबाहेर टेबल टाका, पोरं आणि एक सर बसू द्या, येईल ते पान बघा, नाही ओळखता आलं तर नमुना घेऊन जा आणि चार दिवसांनी फोन करून सांगा. बोर्डो मिश्रणच बघा, १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी हे पाठ सगळ्यांना असतं, पण लोखंडी खिळा बुडवून त्याच्यावर तांब्याचा रंग चढतोय का, चढला तर चुना कमी पडलाय, हे बागेत उभं राहून एकदा केलं की पोरगा जन्मभर विसरत नाही.

दुसरं माझ्या रोजच्या कामातलं. २०१० मध्ये युरोपात आपल्या द्राक्षांमध्ये क्लोरमेक्वॅट क्लोराईड हे वाढ रोखणारं रसायन, ज्याला आपल्याकडे सगळे लिहोसिन म्हणून ओळखतात, त्याचा अंश सापडला आणि कंटेनरच्या कंटेनर अडकले. नाशिकमध्ये त्या वर्षी किती घरं हादरली हे इथल्या कुणालाही विचारा. त्याच्या आधी अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेची ग्रेपनेट ही द्राक्षबागांच्या नोंदीची व्यवस्था आली होती, प्लॉटची नोंदणी होत होती, मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातली राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा काम करत होती, तरी ही एक गोष्ट निसटली. त्यानंतर सगळी साखळी अजून कडक झाली आणि तिच्यात कामं वाढत गेली. प्लॉटवरून नमुना घेणारा, लॅबमध्ये तपासणारा, रिपोर्ट वाचून माल कुठल्या देशाला चालेल ते ठरवणारा, ग्लोबल गॅप या शेतीच्या प्रमाणपत्राचं ऑडिट करणारा, सेंद्रिय प्रमाणीकरणाची पाहणी करणारा, पॅकहाऊसमध्ये क्वालिटी बघणारा, एवढी सगळी माणसं लागतात आणि प्रत्येक हंगामात कमी पडतात. डाळिंबाला, आंब्याला, भाजीपाल्याला पण हेच आता सुरू झालंय. यातलं किती अभ्यासक्रमाच्या पुस्तकात आहे? एखादा धडा असेल. कृषी उद्योगाचे ते ३ आठवडे पॅकहाऊसमध्ये घालवले तर धड्याची पण गरज नाही.

बियाण्याचं क्षेत्र तर मराठवाडा-विदर्भाच्या पोरांच्या दारातच आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात महिको सुरू केली, १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि त्या एका सुरुवातीभोवती जालन्यात बियाणं कंपन्यांचं अख्खं जग उभं राहिलं. शेजारी देऊळगाव राजा भागात शेडनेटमध्ये मिरची, टोमॅटो, काकडीचं बीजोत्पादन चालतं, हाताने फुलातले पुंकेसर काढणं, परागीकरण करणं, ओळीतलं भेसळ झाड ओळखून उपटणं, सगळं बारीक डोळ्याचं काम. वनस्पती प्रजननाच्या तासाला फळ्यावर चौकटी काढून मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम शिकवतात तेव्हा एक दिवस बस काढून तिथं न्या पोरांना. काय शिकतोय आणि कशासाठी शिकतोय हे दोन्ही त्या एका दिवसात कळेल.

बाकीचं भराभर सांगते कारण हे तुम्ही नोटीस बोर्डावर लावू शकता. बँकेत कृषी क्षेत्र अधिकारी म्हणून आयबीपीएस या बँक भरती परीक्षेतून थेट भरती होते आणि तिथं आपलीच चार वर्षांची पदवी लागते. नाबार्ड आहे. केंद्राच्या वनसेवेला कृषी पदवी चालते. अन्न सुरक्षा अधिकारी व्हायला कृषी विज्ञानाची पदवी चालते हे तर मी ज्याला सांगते तो चकित होतो. संशोधनाची आवड असेल त्याने दिल्लीच्या पुसाला, हैदराबादला, कुठं पण आयसीएआरची (भारतीय कृषी संशोधन परिषदेची) पीजी प्रवेश परीक्षा देऊन जावं, नेट करावं, कृषी शास्त्रज्ञ भरती मंडळाची एआरएस, म्हणजे कृषी संशोधन सेवेची परीक्षा, द्यावी. आपल्या राज्यातच नागपूरला कापूस आणि लिंबूवर्गीय फळं, सोलापूरला डाळिंब, राजगुरुनगरला कांदा-लसूण, माळेगावला अजैविक ताण अशा राष्ट्रीय संस्था आहेत. प्रत्येक केव्हीकेत एक प्रमुख आणि सहा विषय विशेषज्ञांची पदं असतात. आणंदची इर्मा, हैदराबादची मॅनेज, इथं व्यवस्थापन शिकून आलेली आपली पोरं आज मोठ्या जागांवर आहेत.

शेतकरी कंपन्यांवर मात्र थोडं थांबते, मी त्यातच काम करते म्हणून. मोहाडीची सह्याद्री फार्म्स सगळ्यांना माहीत आहे, पण ती उभी करणारे विलास शिंदे राहुरीतून कृषी अभियांत्रिकीत एमटेक झालेले आहेत हे पोरांना माहीत नसतं. केंद्राने २०२० मध्ये १०,००० शेतकरी उत्पादक संस्था उभ्या करायची योजना आणली, त्यातल्या कितीतरी संस्थांना आज सीईओ मिळत नाही, मिळाला तर टिकत नाही, कारण त्याला हिशोब येत नाही किंवा संचालक मंडळातल्या वयाने मोठ्या शेतकऱ्यांशी बोलता येत नाही. कृषी अर्थशास्त्र आणि विस्तार शिक्षण हे दोन विषय पोरं सोपे म्हणून सोडून देतात ना, या कामात तेच दोन रोज लागतात. आणि ज्याला स्वतःचंच काही करायचंय, माती-पाणी तपासणीची लॅब, नर्सरी, औजारांचं भाडे केंद्र, त्याच्यासाठी ॲग्री क्लिनिक आणि ॲग्री बिझनेस सेंटरची योजना २००२ पासून आहे, ४५ दिवसांचं निवासी प्रशिक्षण मोफत, नंतर बँक कर्जावर ३६ टक्के अनुदान आणि मुलींना, अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना ४४ टक्के. मला ही योजना पदवी झाल्यावर एका बँक मॅनेजरने सांगितली. कॉलेजात चार वर्षांत कुणाच्या तोंडून तिचं नाव ऐकलं नव्हतं.

आता मुलींबद्दल, आणि हे मी जरा तळमळीने बोलणार आहे. वर्गात आज मुली भरपूर असतात, बऱ्याच ठिकाणी निम्म्या. पहिल्या-दुसऱ्या नंबरात पण त्याच. आणि कॅम्पसला कंपनी आली की निरोप येतो, फिल्ड जॉब आहे, गाडीवर फिरावं लागेल, मुलगे पाठवा. आमच्या वेळी एक कंपनी आली होती तेव्हा मुलींना हॉलच्या बाहेरच थांबवलं होतं आणि आमचे एक सर म्हणाले, तुम्ही बँकेचं बघा. मी आज रोज गाडीवर फिरते. पहाटे धुक्यात प्लॉटवर असते, बागाईतदार फोन करून विचारतात ताई उद्या पाऊस आहे, मारू का थांबू. कृषिकन्या म्हणून तिला गावात आठ आठवडे राहायला पाठवताना आपण तिच्यावर विश्वास ठेवतो, मग नोकरीच्या दारात तो कुठं जातो? प्राचार्यांनी एवढंच करावं, मुलींना इंटरव्ह्यूला बसू न देणाऱ्या कंपनीला कॅम्पसमध्ये जागा देऊ नये. एका वर्षी चार कंपन्या कमी येतील. पुढच्या वर्षी त्यातल्या तीन परत येतील, त्यांना पण माणसं हवीच आहेत. आणि घरातली बाई बागेत थिनिंगपासून (मणी विरळ करण्यापासून) डिपिंगपर्यंत (घड औषधात बुडवण्यापर्यंत) सगळं करते, तिच्याशी बोलायला बाईच पाठवली तर काय फरक पडतो ते मी सांगू शकते, औषधाचं प्रमाण चुकायचं बंद होतं, कारण मोजमाप घरात तिच्याच हातात असतं.

मला तुमच्या अडचणी कळत नाहीत असं समजू नका. कितीतरी ठिकाणी प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या आहेत. विनाअनुदानित कॉलेजात एकच सर कीटकशास्त्र पण शिकवतात, रोगशास्त्र पण, आणि रावेच्या चार गावांना पण तेच, पगार वेळेवर नाही आणि गावाला जायचं पेट्रोल स्वतःच्या खिशातून. अशा माणसाकडून आठवड्यातून तीनदा गावात ये अशी अपेक्षा करणं चूक आहे. म्हणूनच म्हणते की भार बाहेर वाटा. तालुक्यात तुमचेच माजी विद्यार्थी पसरलेले आहेत, कुणी बँकेत, कुणी दुकानात, कुणी नर्सरीत, कुणी कंपनीत, कुणी स्वतः उत्तम शेती करतोय. त्यांची एक यादी करा आणि प्रत्येकाकडे दोन-दोन पोरं सोपवा. मार्क त्यांनी पण द्यावेत, निम्मे तुमचे निम्मे त्यांचे. फाईलचं वजन कमी करा, त्याऐवजी पोराने एका शेतकऱ्याचा एक प्लॉट पेरणीपासून नाहीतर छाटणीपासून शेवटपर्यंत सांभाळलेली एक वही द्यावी, तारखेनुसार काय दिसलं, काय सल्ला दिला, शेतकऱ्याने तो मानला का, नाही मानला तर का नाही, आणि शेवटी खर्च किती, पैसे किती झाले. मी मुलाखत घेताना अशी एक वही समोर आली तर बाकी काही विचारणार नाही.

आणि पालकांना पण एकदा बोलवा कॉलेजात. बारावी झाल्यावर सीईटीचे मार्क बघून, इंजिनिअरिंगला नाही मिळालं म्हणून ॲग्रीला टाकलं, असं पोराच्या समोर बोलणारे पालक मला नेहमी भेटतात. त्यात शेतकरी पालक जास्त असतात ही गोष्ट फार वाईट वाटते, पण त्यांचं तरी काय चुकलं, शेतीतून त्यांना जे भोगावं लागलं त्यावरून ते बोलतात. त्यांना हे सगळे मार्ग दाखवायला पहिल्या वर्षी एक दिवस द्या, माजी विद्यार्थ्यांना बोलवा, पगाराचे आकडे खरे सांगा. सुरुवातीला पगार कमी असतो, टार्गेट असतं, उन्हात फिरावं लागतं हे पण लपवू नका. तरी लोक येतील, कारण खरं सांगणाऱ्यावर विश्वास बसतो.

आमच्याकडून काय होऊ शकतं तेही सांगते. आमच्या संचालक मंडळाशी माझं बोलणं झालंय. या वर्षीपासून रावेची सहा पोरं, त्यातल्या किमान तीन मुली, आम्ही घ्यायला तयार आहोत. सप्टेंबरच्या शेवटी पाठवा, ऑक्टोबर छाटणी सुरू होते तेव्हा, म्हणजे पोंगा अवस्थेपासून (डोळे फुटतात तेव्हापासून) फेलफूट म्हणजे बिनघडाच्या फुटी काढणं, फुलोरा, घडांची गळ-कूज, डाऊनीचा सगळ्यात धोक्याचा काळ, हे सगळं त्यांना एकाच प्लॉटवर सलग बघायला मिळेल. सेमिस्टर नोव्हेंबरला संपतं हे माहीत आहे, ज्यांना पुढे काढणीपर्यंत यायचं असेल त्यांनी आठव्या सेमिस्टरच्या प्रोजेक्टमध्ये तेच प्लॉट पुढे चालू ठेवावेत, तेवढी परवानगी तुम्ही द्या. राहायची सोय सभासदांच्या घरी होईल, मुलींची सोय मी स्वतः बघेन. पत्र कॉलेजच्या लेटरहेडवर ऑगस्टपर्यंत आलं तर गट पाडायला आणि प्लॉट ठरवायला आम्हाला वेळ मिळेल, आणि पाठवताना पोरांकडे एक भिंग, एक वही आणि पावसाळी बूट असू द्या, बाकीचं आम्ही देऊ.

तुमचीच एक माजी विद्यार्थिनी,
निफाड तालुका, जि. नाशिक